एचडीबी१ कुठे गेलं?

महाशिवरात्रीची जत्रा संपली की कुणकेश्वर एकदम रिकामं होतं. देवळाखालच्या वाळूत खाजाच्या दुकानांचे बांबू तेवढे उरतात, समुद्र परत एकटा पडतो, आणि गाव आपापल्या कलमांकडे बघायला मोकळं होतं. मी नेमका त्या शनिवारी पुण्याहून रात्रीच्या बसने पोचलो. प्लॅन साधा होता: दोन दिवस जेवायचं आणि झोपायचं. पण घरातला एकमेव "कंप्युटरवाला" असण्याची किंमत तुम्हाला माहीत असेलच. चहा संपायच्या आत काकांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक पीसी खाली आणला.

"झिला, ह्यातसून आबांचो आवाज काडून दी."

आबा म्हणजे माझे आजोबा. २००९ साली गेले. त्याआधी, २००६ च्या मे महिन्यात, माझा चुलतभाऊ (त्याला आपण दादा म्हणू, मीही म्हणतो) इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आला होता. एमपीथ्री प्लेअरमधल्या रेकॉर्डरवर त्याने आबांना अख्ख्या बागेतून फिरवत बोलतं केलं. कुठलं कलम कोणी लावलं, कुठल्या रायवळाला काय नाव, कुठलं झाड कोणत्या पावसात पडलं. त्या फाइल्स या पीसीवर आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पीसी मेला तेव्हाही "आत आहे ना, मग झालं" म्हणून सगळे निवांत राहिले.

कॅबिनेटवर आतल्या बाजूने दादाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. "आबा – एचडीबी१". बस्स.

आत दोन हार्ड डिस्क. दोन्ही ४० जीबीच्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. मी दादाला फोन लावला. तो आता मस्कतला असतो, बांधकामाची एस्टिमेट्स करतो आणि लिनक्सला बारा वर्षांत हात लावलेला नाही. म्हणाला, "अरे लिहिलंय ना चिठ्ठीवर! एचडीबी१!" आणि मीटिंगला गेला.

आता माझी कबुली. मी नोकरीत जावा लिहितो, विंडोजवर लिहितो, आणि लिनक्स मला कुठल्यातरी सर्व्हरच्या काळ्या खिडकीतून दिसतं तेवढंच. डिस्क वगैरे खाली काय असते ते दुसरं कोणीतरी बघतं. तरी एक यूएसबी अॅडॅप्टर बॅगेत होता (जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई डिस्क लॅपटॉपला जोडायचा). त्याच्या कागदावर लिहिलेलं, डिस्क "मास्टर" ठेवा. मी इमानदारीत दोन्ही डिस्कांच्या मागचे छोटे जंपर उपटले आणि एकसारखे लावले. हा केवढा मोठा गाढवपणा होता ते मला दुपारी कळलं.

पहिली डिस्क जोडली. विंडोजने लगेच विनम्रपणे विचारलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? विंडोजला लिनक्सची फाइलसिस्टम वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणजे रिकामी आहे असा त्याचा गोड समज. एका क्लिकवर आबा गेले असते. नको म्हटलं, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं.

लिनक्सने माझ्या लॅपटॉपच्या डिस्कला म्हटलं "एनव्हीएमई०एन१". पेनड्राइव्हला "एसडीए". आणि आबांच्या पीसीतल्या डिस्कला "एसडीबी". एचडीबी नावाचं काहीच नाही. मी म्हटलं, ठीक आहे, "एच" चा "एस" झाला असेल, "बी" तर तोच आहे! तेवढ्यात डिस्क कट्... कट्... करायला लागली. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डिस्क शिस्तीत सोडवली, काढली, दुसरी जोडली. तिचं नाव काय आलं असेल? एसडीबी.

दहा मिनिटांत दोन वेगळ्या डिस्क, दोन्हींचं नाव एकच. आणि प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. कटकट करणारी डिस्क किती तास टिकेल सांगता येत नाही. आबा तिच्यात असतील तर एकेक मिनिट जपून वापरायला हवं, नसतील तर ती गेली खड्ड्यात. म्हणजे चिठ्ठीतलं "बी" नक्की काय म्हणतंय हे आधी कळणं भाग होतं. मग दुपारभर मोबाइलला रेंज शोधत ओट्याच्या कोपऱ्यात बसून मी जे वाचलं ते इथे लिहितोय.

सुरुवात आपल्या ओळखीच्या घरापासून. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह का? ए आणि बी कुठे गेले? हे आपण शाळेत कधी विचारलंच नाही. अक्षरांची ही पद्धत बरीच जुनी. १९६० च्या दशकात आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या केंद्रात सीएमएस नावाची सिस्टीम बनली, तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला त्याच्या वाटच्या डिस्कला एकेक अक्षर मिळायचं. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉलने छोट्या कंप्युटरसाठी सीपी/एम लिहिली, तिच्यातही अक्षरं, फक्त आता ती खऱ्याखुऱ्या फ्लॉपी ड्राइव्हची. अक्षरानंतर जो कोलन येतो तो डेकच्या मशीनवरच्या सवयीतला. सिएटलच्या टिम पॅटरसनने १९८० मध्ये सीपी/एमच्या वळणावर जी सिस्टीम लिहिली ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि ऑगस्ट १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाहेर पडली. त्या पीसीला हार्ड डिस्क नव्हतीच. एक किंवा दोन फ्लॉपी, म्हणून ए आणि बी. एकच फ्लॉपी असली तरी डॉस बी सोडून देत नसे. "आता बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला" म्हणून त्याच फटीत दुसरी घालायला लावायचं. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसकट, आणि तिला रांगेतलं पुढचं अक्षर मिळालं. फ्लॉप्या जाऊन जमाना झाला, तरी सीच्या आधीच्या दोन खुर्च्या रिकाम्याच आहेत.

म्हणजे सी हे नाव नाहीच, हजेरीतला नंबर आहे. डॉस आणि विंडोज ९८ पर्यंत हजेरीचा नियमही मजेदार होता: आधी सगळ्या डिस्कांची मुख्य पार्टिशन्स, मग उरलेली. त्यामुळे मित्राची हार्ड डिस्क गाणी कॉपी करायला आणून जोडली की तिचं पार्टिशन मधे घुसून डी व्हायचं, तुमचा डी सरकून ई व्हायचा, आणि डी वर टाकलेले गेम चालेनासे व्हायचे. त्या काळातल्या दादालोकांना विचारा. विंडोज एनटीच्या घराण्याने (२०००, एक्सपी आणि पुढे) डिस्कची सही ओळखून अक्षर लक्षात ठेवायला सुरुवात केली, म्हणून आपल्याला हा ताप फारसा माहीत नाही.

युनिक्सवाल्यांनी हा रस्ता घेतलाच नाही. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून जे उभं केलं त्यात डिस्कचं नाव आणि डिस्कवरच्या फाइलचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल्सचं एकच झाड. नवी डिस्क आणली की ती झाडाच्या एखाद्या फांदीवर बांधायची, याला माउंट करणं म्हणतात. फाइल वापरणाऱ्याला ती कुठल्या डिस्कवर आहे हे कळायचं कारणच नाही. (आमच्याकडे कलम बांधतात तसंच की हे. फळ खाणारा खुंट कुठला ते विचारत नाही.) आणि ती डिस्क स्वतः? तीही एक फाइल, "डेव्ह" नावाच्या डिरेक्टरीत. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये तिथे "आरके०" आहे. आरके हा डेकच्या डिस्कचा प्रकार, ० हा पहिला नग. पुढे आलेल्या आरके०५ मध्ये जेमतेम अडीच एमबी मावायचे. आपल्या मोबाइलमधला एक फोटो, झालं.

डेव्हमधली ही फाइल म्हणजे नुसता फलक. तिच्यामागे दोन आकडे असतात, एक सांगतो कुठल्या ड्रायव्हरकडे जायचं, दुसरा सांगतो त्या ड्रायव्हरच्या हाताखालचा कितवा नग. खरं नाव हे आकडे. अक्षरं माणसांसाठी.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा फलकांची पद्धत मिनिक्सकडून उचलली. एचडी० म्हणजे अख्खी पहिली डिस्क, एचडी१ ते ४ तिची पार्टिशन्स, एचडी५ अख्खी दुसरी डिस्क, एचडी६ तिचं पहिलं पार्टिशन. वाचूनच गरगरतं. नंतर ती सुटसुटीत झाली: एचडीए, एचडीबी, आणि पार्टिशनचे आकडे त्यापुढे. गंमत म्हणजे १९९१ च्या ०.११ आवृत्तीत सिस्टीम कुठून सुरू करायची त्या जागी जो आकडा ठोकून ठेवलाय तो नेमका एचडी६ चा आहे. दुसरी डिस्क, पहिलं पार्टिशन. म्हणजे आमच्या चिठ्ठीवरचा एचडीबी१! हे वाचून मला उगाचच जरा बरं वाटलं.

त्याच लिनसने २००१ च्या आत्मचरित्रात सांगितलेला किस्सा मात्र वाचून हात थांबला. त्याला मॉडेमवरून विद्यापीठाचा नंबर फिरवायचा होता. डायल करायचा हुकूम त्याने मॉडेमच्या फाइलऐवजी चुकून हार्ड डिस्कच्या फाइलवर सोडला. सगळंच फाइल, त्यामुळे सिस्टीमने निमूटपणे तो हुकूम डिस्कवर लिहून टाकला. मिनिक्सचं पार्टिशन गेलं. लिनक्सच्या बापाची ही कथा, तर मी कोण?

आता मुख्य भानगड. एचडी म्हणजे आयडीई डिस्क. जुन्या मदरबोर्डवर आयडीईच्या दोन वाटा, प्रत्येक वाटेच्या पट्टीवर दोन डिस्क. पहिल्या पट्टीवरची मास्टर ती एचडीए, स्लेव्ह ती एचडीबी. दुसऱ्या पट्टीवर एचडीसी (इथे बहुतेक घरांत सीडी ड्राइव्ह असायचा) आणि एचडीडी. मास्टर कोण नि स्लेव्ह कोण हे जंपर ठरवणार. (स्टँडर्डमध्ये साधं डिव्हाइस ० आणि १ म्हटलंय, तेच बरं होतं.) थोडक्यात, एचडीबी हे जागेचं नाव. एचडीए काढून टाकली तरी एचडीबी ही एचडीबीच राहायची, कारण तिची जागा बदलली नाही. बोर्डिंगात पलंग नंबर चारवरचा मुलगा, तसं.

म्हणजे चिठ्ठीचा अर्थ होता "पहिल्या पट्टीवरची, जंपर स्लेव्हला असलेली डिस्क". आणि जंपर? सकाळी मीच उपटलेले. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन डिस्क, आणि त्यांना वेगळं ओळखायची एकच खूण होती ती मी अर्ध्या मिनिटात पुसून टाकली होती. गुन्ह्याच्या जागी पहिल्यांदा पोचून फरशी पुसणारा इन्स्पेक्टर!

मग एसडी कुठून आलं? एसडी ही मुळात स्कझी डिस्कची नावं, मोठ्या महाग मशीनवरची. तिथे ए, बी, सी ही जागा नव्हेच, जी डिस्क आधी सापडेल ती ए. सापडण्याचा क्रम. साटा डिस्क आल्या तेव्हा त्यांच्यासाठी लिबएटीए नावाचा नवा ड्रायव्हर लिहिला गेला तो स्कझीच्या यंत्रणेवर बसवून, म्हणून त्या एसडी झाल्या. यूएसबीवाल्याही तशाच एसडी. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या २.६.१९ कर्नलमध्ये त्याच ड्रायव्हरने जुन्या आयडीई डिस्कही सांभाळायला घेतल्या, आणि मे २००७ च्या फेडोरा ७ पासून लोकांनी सिस्टीम अपग्रेड केली की त्यांची एचडीए सकाळी उठून एसडीए झालेली असायची. ज्यांनी आपल्या फाइल्समध्ये जुनी नावं लिहून ठेवली होती त्यांची मशीन्स अडली. एचडीला एका डिस्कवर ६३ पार्टिशन्स चालायची, एसडीला १५ च. सोळावं केलेल्या हौशी मंडळींनी काय शिव्या दिल्या असतील!

तेव्हा "एच" चा "एस" झाला हे माझं बरोबर होतं, पण "बी" तोच नव्हता. जुना बी म्हणजे जागा, नवा बी म्हणजे हजेरी लावताना दुसरा आलेला. दादाने चिठ्ठी लिहिली २००६ च्या मेमध्ये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिच्यातल्या भाषेचं मरण सुरू झालं होतं. जुना आयडीई ड्रायव्हर लिनक्समधून पूर्णपणे काढला तो २०२१ मध्ये, ५.१४ आवृत्तीत.

जेवताना हे काकांना सांगत होतो (कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही). काकांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "म्हणजे सर्वे नंबराचो गट नंबर केलो, तसां?"

मी अवाक. अगदी तसंच! इंग्रजांनी १८३५ मध्ये इंदापूरला सुरुवात करून जमिनी मोजल्या, सर्व्हे नंबर पाडले. वाटण्या झाल्या की सर्व्हे नंबरचे हिस्सा नंबर. एचडीबीचं एचडीबी१. मग १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव जमिनी एकत्र करून नवे गट नंबर दिले. काकूचं माहेर कोल्हापूरकडचं. तिच्या वडिलांचं खरेदीखत जुन्या सर्व्हे नंबरचं, सातबारा गट नंबरचा, आणि दोन्ही जुळवणारा उतारा काढायला तिच्या भावाने तलाठी आणि भूमी अभिलेखच्या किती फेऱ्या घातल्या ते काकूने जेवण संपेपर्यंत ऐकवलं. आता सातबाऱ्यावर भू-आधारचा लांबलचक क्रमांक छापून येतो, एका तुकड्याला एकच, दुसऱ्या कोणाला नाही.

लिनक्सनेही शेवटी तेच केलं. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमनचं यूडेव्ह आलं. ते डिस्क सापडली की तिच्याकडेच चौकशी करतं: बाई, तुझा सिरियल नंबर काय, तुझ्यावरच्या फाइलसिस्टमचं लेबल काय, यूयूआयडी काय. यूयूआयडी म्हणजे फॉरमॅट करताना फाइलसिस्टमच्या अंगावर गोंदलेला १२८ बिटांचा आकडा, डॅशसकट ३६ अक्षरांचा. डिस्क कुठेही लावा, कितवीही लावा, तो तोच. ऑक्टोबर २००६ च्या उबुंटूने सुरुवातीच्या यादीत एचडीए-एसडीए लिहिणं सोडून यूयूआयडी लिहायला घेतले. वाचायला भयानक. पण चुकत नाहीत.

ही सुरुवातीची यादी, एफएसटॅब तिचं नाव, वाचता वाचता मला सुचलं ते तुम्हाला एव्हाना सुचलं असेल. दोनांपैकी एका डिस्कवर दादाचं लिनक्स असणार. त्यात त्याची एफएसटॅब असणार. आणि ती २००६ च्या भाषेत असणार.

शांत डिस्क जोडली. फक्त वाचण्यासाठी माउंट केली, तेही "नोलोड" सांगून, कारण ईएक्सटी३ नुसती वाचायला उघडली तरी जुनी अर्धवट कामं उरकण्यासाठी डिस्कवर लिहायला जाते. तीन पार्टिशन्स. पहिल्यात विंडोज एक्सपी, दुसरं स्वॅप, तिसऱ्यात लिनक्स. एफएसटॅब उघडली. त्यात दोन ओळी कामाच्या होत्या. एचडीए३ हे झाडाचं मूळ. एचडीबी१ हे "/आंबा" नावाच्या फांदीवर (दादाने रोमनमध्ये लिहिलंय, पण आंबाच).

म्हणजे मी जी वाचत होतो तीच एचडीए होती. आबा कटकट करणाऱ्या डिस्कमध्ये होते.

काकांना सांगितलं नाही. ती डिस्क परत लावण्याआधी काकूच्या फ्रीजमागचा छोटा पंखा काढून तिच्यावर सोडला, घरातली लाइट जाऊ नये म्हणून कुणकेश्वराला नमस्कार केला (समोरच आहे, सोपं पडतं), आणि डीडीरेस्क्यू चालू केलं. हा प्रोग्रॅम हट्टी नाही. वाचता येतं ते आधी भराभरा उचलतो, अडलं की पुढे जातो, आणि अडलेल्या जागी शेवटी परत येतो. कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं हे मात्र आपण सांगायचं, आणि ते उलटं सांगितलं की संपलं. मी नाव म्हणून एसडीबी लिहिलंच नाही. डिस्कवरच्या कागदी लेबलावरचा सिरियल नंबर बघितला, यूडेव्हच्या यादीत तोच नंबर शोधला, काकांना मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लावून ताडून बघितला, आणि त्या नावाने हुकूम दिला. एंटर दाबायला किती वेळ लागला ते सांगत नाही.

रात्रभर कट्... कट्... चालू होतं. तीनदा उठून बघितलं. खाली समुद्र आणि खोलीत डिस्क, दोघंही आपापल्या लयीत.

सकाळी ४० जीबीपैकी थोडासा तुकडा सोडून सगळं आलेलं होतं. त्या प्रतीतून १४ फाइल्स निघाल्या, ११ धड. बाराव्यात आबा विहिरीकडच्या कलमापाशी पोचतात आणि मधेच गप्प होतात, ते परत बोलत नाहीत. उरलेल्या दोन उघडल्याच नाहीत.

पहिली लावली. आधी दादाचा आवाज, "आबा, बोला." मग बराच वेळ पावलांखालचा पाचोळा. मग आबा. ओट्यावर बसलेले काका ताडकन उठले आणि उगाचच अंगणात जाऊन उभे राहिले. काकू तिथेच राहिली, चौथ्या मिनिटाला म्हणाली, "साखरो नाय तो, शेंदरो. तेंका तेव्हाच दिसणां कमी झालेला."

प्रती चार केल्या. जुन्या डिस्कवर नवी चिठ्ठी लावली, सिरियल नंबर, फाइलसिस्टमचा ३६ अक्षरी आकडा, तारीख, आणि खाली मराठीत "आबांचा आवाज, ही डिस्क खराब आहे, फेकू नये". जुनी चिठ्ठी काढायला जीव झाला नाही, ती कॅबिनेटवर तशीच ठेवली.

संध्याकाळी मस्कतहून दादाचा फोन आला. फाइल्स मिळाल्या होत्या, ऐकत होता, आवाज जरा बसलेला होता.

"एचडीबी१ वरच होतं ना?"

"हो," म्हटलं.